‘जी’ असलेला डबा

मार्च महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी, द्रोणागिरी स्थानकाच्या पुढे, साईडिंगच्या बाजूच्या रुळावर उभ्या असलेल्या एका जुन्या रेल्वे डब्यात हौसाक्का चढल्या. त्यांच्या हातात सुतळीची गुंडाळी होती. डब्याच्या आत, दाराच्या वरच्या पट्टीवर पाच इंग्रजी अक्षरं रंगवलेली होती. ती आपल्या नवऱ्याने रंगवलेली आहेत का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

सानपाडा

हौसाक्का आमच्या सोसायटीत माझ्या वरच्या मजल्यावर राहतात. गाव सातारा जिल्ह्यातलं. थोरले दीर घाऊक मार्केटमध्ये माथाडी होते, त्यांच्या आधाराने हे कुटुंब आधी तुर्भ्याला आणि मग सानपाड्याला आलं. त्यांचे पती सर्जेराव रेल्वेच्या मुंबईतल्या एका कारखान्यात रंगारी होते. तिथे प्रवासी डबे दुरुस्तीला येत. सर्जेरावांचं काम डब्यांवर अक्षरं आणि आकडे काढण्याचं. निवृत्त झालं की गावी जाऊन राहायचं असं दोघांनी ठरवलं होतं. निवृत्तीआधीच ते गेले. मुलाची नोकरी इथली, नातवंडांच्या शाळा इथल्या. हौसाक्का इथेच राहिल्या.

जानेवारीत एका संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. माझी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर झाली, त्यामुळे टीव्हीवर काही ऐकलं की खरंखोटं विचारायला त्या माझ्याकडे येतात.

“ताई, निळं डबं बंद होनार म्हनं. खरं का?”

खरं होतं. जुन्या पद्धतीचे निळे डबे बांधणं केव्हाच थांबलं आहे, आहेत ते हळूहळू सेवेतून काढले जात आहेत आणि त्यांच्या जागी नव्या बांधणीचे लाल-करडे डबे येत आहेत. मी तसं सांगितलं. त्या आत येऊन बसल्या.

“मग माझं बगायचं ऱ्हाऊनच जानार,” त्या म्हणाल्या.

सर्जेराव रेल्वेत लागण्याआधी गावाकडे बैलगाड्या रंगवत, दुकानांच्या पाट्या करत, निवडणुकीत भिंती रंगवत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. कारखान्यात त्यांनी इंग्रजी अक्षरं आकाराने पाठ केली. एस म्हणजे नागोबा, सी म्हणजे कोयता, डब्ल्यू म्हणजे दोन खोरी शेजारी शेजारी.

अडचण वेगळीच झाली. अक्षरं सरळ ओळीत यावीत म्हणून रंगारी दोरी खडूत घोळवून पत्र्यावर ताणून धरतो आणि टिचकी मारून रेघ उठवतो. इंग्रजी अक्षरांसाठी ही रेघ खाली लागते, कारण ती अक्षरं तिच्यावर उभी राहतात. सर्जेरावांचा हात देवनागरीवर घडलेला. ते रेघ वर मारत आणि अक्षरं तिला लटकवत.

“मालक म्हनायचं,” हौसाक्का म्हणाल्या, “आपली अक्षरं आढ्याला टांगल्याली असत्यात आनि विंग्रजी जमिनीवर बसल्याली. मला टांगायचं कळतंय, बसवायचं न्हाई.”

त्यामुळे त्यांच्या ओळीत सगळ्या अक्षरांचे माथे एका रेषेत येत आणि पाय मात्र थोडे खालीवर होत. मुख्य रंगाऱ्याने सुरुवातीला झापलं, पुढे नाद सोडला. गाडी पळायला लागल्यावर अक्षरांचे पाय कोण बघतंय, असं तो म्हणे.

दर वर्षी मे महिन्यात हे जोडपं गावच्या जत्रेला रेल्वेने जात असे. बायको-मुलाला जागेवर बसवलं की सर्जेराव फलाटावर उतरत आणि गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. आपल्या हातचा डबा सापडला की खिडकीशी येऊन हाक मारीन, मग तू उतरून बघ, असं ठरलेलं होतं. गाडी सुटायच्या बेताला ते धावत येत आणि म्हणत, औंदा न्हाई, पुढच्या साली.

“म्या कवाच बगितलं न्हाई,” हौसाक्का म्हणाल्या. “जलमभर त्यांनी लिवलं ते समदं कुटं कुटं पळत ऱ्हायलं. घरात एक अक्षर न्हाई.”

तुर्भ्याला असताना सर्जेराव संध्याकाळी मार्केटमधल्या गाळ्यांच्या पाट्या रंगवत. तेव्हा दोरीचं दुसरं टोक हौसाक्का धरत. त्या पाट्या मराठी. आता गाळ्यांवर फ्लेक्स आहेत.

त्या अक्षरांचा अर्थ काय, असं त्यांनी एकदा नवऱ्याला विचारलं होतं. ज्या डब्यात तीन मजली फळ्यांवर माणसं झोपतात, त्या डब्यावर बाहेरून डब्ल्यू, जी, एस, सी, एन अशी पाच अक्षरं असत. सर्जेरावांनी न अडखळता सांगितलं : डब्ल्यू म्हंजे वाट, जी म्हंजे गाव, एस म्हंजे सातारा, सी म्हंजे चल, एन म्हंजे निघू.

“वाट, गाव, सातारा, चल, निघू,” हौसाक्कांनी बोटांवर मोजून दाखवलं. “खरा अर्थ ह्योच का वो ताई?”

चौकशी करते, असं मी म्हटलं.

पनवेल

फेब्रुवारीत आम्ही दोघी पनवेलला गेलो. तिथे देसाई नावाचे गृहस्थ राहतात. रेल्वेच्या डबे विभागातून निवृत्त झालेले. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी आम्हाला फलाटावरच भेटायला बोलावलं. घरी रंगकाम चाललंय, असं कारण दिलं. हौसाक्का लगेच म्हणाल्या, “कुनाला दिलंय काम? रेघ कुटं मारतोय ते बगा.”

देसाई इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन लावून आले होते. चहा सांगितला आणि वर्ग घेतल्यासारखे बोलू लागले. त्यांनी जे सांगितलं आणि मला नंतर इतरांकडून पडताळून घेता आलं ते असं.

डब्यावर अक्षरांचे दोन संच असतात आणि प्रवासी त्यांची गल्लत करतात. तिकिटावर एस-चार, बी-दोन, ए-एक असं येतं, ती त्या दिवशीच्या गाडीतली डब्याची जागा. दाराजवळची ती पाटी बदलता येते. दुसरा संच डब्याच्या अंगावर रंगवलेला असतो, क्रमांकाजवळ. तो डब्याची जात सांगतो. गाडी कोणतीही असो, तो बदलत नाही. क्रमांकाचे पहिले दोन आकडे डबा कोणत्या साली बांधला ते सांगतात.

जातीच्या संचात डब्ल्यू म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात चालत जाता येईल असा जोडमार्ग असलेला डबा. जी म्हणजे स्वतःची वीज स्वतः करणारा. चाकं फिरली की आसाला जोडलेल्या पट्ट्यावर डब्याखालचं जनित्र फिरतं आणि दिवे-पंखे चालतात. प्रवासी जी म्हणजे जनरल समजतात, ते चूक. एस म्हणजे दुसरा वर्ग. पूर्वी या जागी टी असे, तिसऱ्या वर्गाचा. तो वर्ग बंद झाला आणि त्याला दुसरा म्हणू लागले, तेव्हा टी खरवडून एस काढले गेले.

“बाकडं त्येच?” हौसाक्कांनी विचारलं.

“बाकडी तीच,” देसाई म्हणाले.

“अक्षर बदलून बडती मिळाली म्हना.”

देसाई हसले नाहीत. पुढे म्हणाले, “सी म्हणजे कूपे.”

“ते काय असतं?”

“दोघांसाठीची बंद खोली.”

“आनि एन?”

“सी आणि एन मिळून तीन मजली फळ्यांचा डबा.”

“म्हंजे तीन मजली फळ्या, भाईर फलाटावर ही गर्दी, आनि त्यात दोगांची बंद खोली? कुटं असती वो ती? आमाला कवा घावली न्हाई.”

देसाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि पुस्तकात असंच आहे, असं सांगितलं.

एन कुठून आला हे मी आणखी काही रेल्वेवाल्यांना विचारलं. एकाच्या मते तो रात्रीचा, म्हणजे नाईटचा. दुसऱ्याच्या मते नॅरोचा. तीन मजल्यांच्या फळ्या अरुंद म्हणून एन आणि दोन मजल्यांच्या ऐसपैस, वाईड, म्हणून त्यांना डब्ल्यू, असं त्याने जोडलं. पण डब्ल्यू आधीच जोडमार्गासाठी वापरलेला आहे. त्यावर तो म्हणाला, असेल. जोडमार्गाला तरी डब्ल्यूच का, याचं उत्तर कुणीच दिलं नाही. तारायंत्राच्या काळात एका स्टेशनवरून दुसऱ्याला गाडीची रचना थोड्या अक्षरांत कळवायची असे, म्हणून ही लिपी तयार झाली, असं एक मत आहे. ते पटण्यासारखं आहे. कागदावर मला सापडलं नाही. अक्षर कुठलं कशाला ते ठरलेलं आहे, तेच का ठरवलं हे सांगू शकणारी माणसं आता हयात नाहीत.

आम्ही बोलत होतो तेव्हा एक लांब पल्ल्याची गाडी लागली. लाल-करडे डबे. हौसाक्का उठल्या आणि गाडीच्या कडेने चालू लागल्या. एका डब्याच्या टोकाशी थांबल्या. अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, ओळखता येतात.

“ह्ये काय? पयलं कोन हे?”

“एल,” मी म्हटलं. “नव्या बांधणीचा डबा म्हणून.”

“मग खोरी. मग नागोबा, कोयता...” त्या मागे सरकल्या आणि पुन्हा मोजू लागल्या. “मधलं एक न्हाई. इळा न्हाई.”

विळा म्हणजे जी. आतल्या बाजूला मूठ वळलेला.

“जी गेला,” मागून येऊन देसाईंनी खुलासा केला. “हे डबे स्वतः वीज करत नाहीत. त्यांना इंजिनाकडून मिळते. जीची गरजच उरली नाही.”

“गाव गेलं म्हना की,” हौसाक्का म्हणाल्या.

“काय?” देसाई माझ्याकडे बघू लागले. मी समजावलं नाही.

हौसाक्कांनी अक्षरांना हात लावून पाहिलं. ती रंगवलेली नव्हती, छापील चिकटपट्टीची होती. माथे सरळ, पाय सरळ. कोपरा नखाने थोडा उचलला जात होता. फलाटावरच्या पोलिसाने “ओ आज्जी” अशी हाक मारली तेव्हा त्यांनी हात काढला.

सर्जेरावांच्या हातचं अक्षर कुठे उरलं असेल का, असं मी देसाईंना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. डबा ठराविक काळाने दुरुस्तीला येतो, दर खेपेला खरवडून रंगवला जातो, दर खेपेला अक्षरं नवी. मधे सगळ्या डब्यांचा रंगच तांबड्याचा निळा केला गेला. बाहेरचं काही उरण्याचा संभव नाही. मग म्हणाले, “आतलं असू शकतं.”

डब्याच्या आतल्या बाजूलाही, दाराच्या वर, तीच अक्षरं आणि क्रमांक बारीक आकारात रंगवलेले असतात. आतून डबा दर वेळी खरवडतातच असं नाही. सेवेतून काढलेले काही डबे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळ्यांना राहायला देतात. असा एक डबा द्रोणागिरीकडे उभा आहे. देसाईंनी दोन फोन केले. परवानगी तोंडी मिळाली, दोन अटींवर : रूळ ओलांडायचे नाहीत आणि फोटो काढायचे नाहीत.

द्रोणागिरी

नेरूळहून उरणकडे जाणारा रेल्वेमार्ग नवा आहे. खारकोपर सोडलं की दोन्ही बाजूंना खारफुटी, मग खाडीचं पाणी, मग डोंगर कापून काढलेली लाल माती. पुढे कंटेनर दिसू लागतात. एकावर एक रचलेले, निळे, तांबडे, हिरवे. मार्चच्या सुरुवातीला आम्ही निघालो तेव्हा भरदुपारी गाडीत मोजकी माणसं होती. हौसाक्का खिडकीशी बसल्या होत्या. बाहेर बघत म्हणाल्या, “हितं शेत असंल की पयलं.”

द्रोणागिरीला उतरलो. स्थानक मोठं, स्वच्छ आणि रिकामं. बाहेर रिक्षा नव्हती. रस्त्याच्या कडेला छपराखाली एक बाई भाकऱ्या करत बसल्या होत्या. त्यांना मी विचारलं, “जुने डबे कुठे उभे आहेत?”

“डबं?” बाईंनी हाताने पूर्वेकडे दाखवलं. “सरल जा. एवरं डबं हान, बगून दमशाल.”

आम्ही सरळ गेलो. उन्हात बरंच चालल्यावर एका मोठ्या फाटकाशी पोचलो. आत कंटेनरच्या भिंतीच भिंती. पहारेकऱ्याने विचारलं, कुठला डबा, किती फुटी, गाडी नंबर काय? मी सांगितलं, रेल्वेचा, माणसं बसायचा. तो म्हणाला, इथे माणसांचा नाही, इथे मालाचा. या भागात डबा म्हटलं की कंटेनर, हे आम्हाला तिथे कळलं.

परत येताना हौसाक्कांच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या एक पाय उचलत, शिव्या घालत त्याच छपराखाली आल्या.

“काय वो बाई, कुटं धाडलंत आमाला? सगळं पत्र्याचं गोडाऊन तितं.”

“मंग तुमी डबंच बोलल्याव ना!” भाकरीवाल्या बाई म्हणाल्या. त्यांचं नाव यमुनाबाई. आगरी, जवळच्याच गावच्या. “आमचे शेतान आता डबंच पिकतान. भात नाय, मीठ नाय. डबं.” आणि त्या मोठ्याने हसल्या. “बसा गो. पानी प्या.”

त्यांनी आम्हाला जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, कांदा. भाकरी पांढरी, पातळ, रुमालासारखी दुमडणारी. हौसाक्कांनी ती उजेडाकडे धरली.

“पलीकडचं दिसतंय.”

“त ती खायची हाय का तिच्यातून बगायचं हाय?” यमुनाबाई म्हणाल्या.

“आमच्यात भाकरी कशी, हातात घेतली का वजन लागतं. जोंधळ्याची. सकाळची संद्याकाळी खाल्ली तर चालती.”

“ती भाकरी का घरावरचं कवल?”

हौसाक्का तीन भाकऱ्या जेवल्या. जवळा त्यांना आवडला नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. चटणी कांद्याखाली सरकवलेली मला दिसली आणि यमुनाबाईंनाही. त्यांनी हिरव्या मिरचीचा ठेचा पुढे केला.

कशासाठी आलात, असं यमुनाबाईंनी विचारलं तेव्हा हौसाक्कांनी सगळं सांगितलं. अक्षरांचा अर्थही. यमुनाबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या.

“मना सांग, गावाला घर हाय तुजं?” त्यांनी विचारलं.

“हाय. दोन खोल्या. कुलूप हाय.”

“कुलूप त कुलूप. उगरशील त घर.” त्यांनी भाकरी उलटली. “आमचा गाव इथंच हाय बग, घर बी इथंच. पन गावान सकाली उटून दार उगरलं ना, त कनचा गाव तो समजत नाय.”

यमुनाबाईंनी सुईदोरा काढून चपलेचा अंगठा शिवून दिला आणि खऱ्या डब्याची वाट सांगितली. स्थानकाच्या दुसऱ्या अंगाने, पुलाखालून, झोपडीवजा कार्यालयाच्या मागे.

डबा तिथे होता. बाहेरून पुन्हा रंगवलेला, टोळीच्या निवासाचा डबा म्हणून वेगळी अक्षरं टाकलेली. खिडक्यांच्या गजांना कपडे वाळत घातले होते. दाराला कुलूप. टोळी कामावर गेली होती. संध्याकाळी त्यांचा मुकादम आला. दत्तू, बार्शीकडचा. त्याला कार्यालयातून निरोप मिळाला होता, पण अंधार पडायला आला होता.

“गुरुवारी या मावशी,” तो म्हणाला. “गुरुवारी आमची सुट्टी. पण त्याच्या पुढं ढकलू नका. ह्यो डबा महिनाअखेर उचलणार हायत. भंगारात. आम्हाला पत्र्याच्या खोल्या दिल्यात तिकडं.”

“आत दाराच्या वर काय लिवलंय का?” हौसाक्कांनी विचारलं.

“वर?” दत्तूने डोकं खाजवलं. “आमी आतच सैपाक करतो मावशी. वर निस्तं काळं हाय.”

गुरुवार

हौसाक्कांनी पिशवीत नारळाची शेंडी, भांड्याचा साबण, एक जुनं धोतर आणि सुतळी घेतली होती. यमुनाबाईंसाठी जोंधळ्याच्या भाकऱ्या. जाताना त्यांना दिल्या. त्यांनी एक हातात तोलून पाहिली आणि म्हणाल्या, “कवलच.”

डब्यात सहा जण राहत होते. खालच्या फळ्या झोपायला, मधल्या काढून टाकलेल्या, वरच्यांवर ट्रंका आणि कांदे. एका कप्प्यात स्टोव्ह. खिडकीला देवाची तसबीर. फळ्यांचं निळं रेक्झिन फाटलं होतं, तरी बसायची जागा कोणती आणि डोकं टेकायची कोणती, ते खाचेवरून कळत होतं. हौसाक्का खिडकीजवळच्या फळीवर क्षणभर बसल्या. मे महिन्यात त्या बसत ती बाजू.

दाराच्या वरची पट्टी काजळीने काळी होती. दत्तूने लोखंडी पेटी उभी करून दिली. तो चढायला निघाला, तर हौसाक्कांनी त्याला बाजूला केलं. दत्तूने पेटी धरली, मी त्यांचा हात धरला. त्यांनी साबण लावला आणि शेंडीने अगदी हलके घासायला सुरुवात केली.

“जोरात घासा की,” खालून कुणीतरी म्हणालं.

“तुज्या बापाचं हाय का?” त्या म्हणाल्या.

काळं पाणी त्यांच्या कोपरावरून ओघळत होतं. धोतराने टिपलं. आधी पिवळट पट्टी उघडी झाली, मग एक काळी रेघ, मग दोन खोरी. डब्ल्यू. पुढे विळा निघाला. मग नागोबा, कोयता, एन. त्यांच्याखाली क्रमांक.

हौसाक्कांनी सुतळी काढली, एक टोक माझ्याकडे दिलं. “वर धरा,” त्या म्हणाल्या. “माथ्याला.” मी पेटीच्या कडेवर एक पाय टेकवून सुतळी डब्ल्यूच्या वर धरली, त्यांनी दुसरं टोक एनच्या वर धरलं. सुतळी ताणली गेली.

पाचही अक्षरांचे माथे सुतळीला लागले होते.

मग त्यांनी सुतळी खाली आणली, पायांशी. डब्ल्यूची टोकं सुतळीच्या खाली गेली. जी आणि एस थोडे आणखी खाली. सी बरोबर सुतळीवर. एनचा एक पाय अधांतरी राहिला.

“मावशी, काकांचंच हाय का?” दत्तूने विचारलं.

हौसाक्कांनी एसच्या शेपटीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ताई, त्या शेडमदी आमच्या तिकडचं आनि बी रंगारी हुतं. सगळंच गाड्या रंगवून आल्यालं. सगळ्यास्नीच वर दोरी मारायची सवय.”

मी क्रमांक वाचला. पहिल्या दोन आकड्यांवरून डबा ज्या साली बांधला गेला, त्या साली सर्जेराव नोकरीत होते. डबा पुढे त्यांच्या कारखान्यात दुरुस्तीला आला होता का, हे कळायला मार्ग नव्हता. दुरुस्तीची नोंद बाहेरच्या बाजूला रंगवतात आणि बाहेरची बाजू नव्याने रंगवलेली होती. हे मी त्यांना सांगितलं.

“तुमच्या पेपरात तुमी काय छापलं असतं?” त्यांनी विचारलं.

“ही अक्षरं सर्जेरावांनी रंगवलेली असल्याचं त्यांच्या पत्नीचं म्हणणं आहे, असं.”

त्या हसल्या. कपाळाला काजळी लागली होती. “मग तसंच छापा. म्हननं माजं हाय.”

आणि त्यांनी टोळीतल्या माणसांना अक्षरं वाचून दाखवली. एकेका अक्षरावर बोट ठेवून. वाट. गाव. सातारा. चल. निघू.

“आणि आमच्या बार्शीचं कुठं हाय ह्यात?” दत्तू म्हणाला.

“तुजा डबा येगळा असंल,” त्या म्हणाल्या. “हुडीक.”

टोळीने चहा केला. बिनदुधाचा, गूळ घातलेला. हौसाक्का त्याच फळीवर बसून प्यायल्या. निघताना त्यांनी सुतळी गुंडाळून पिशवीत ठेवली आणि दारातून उतरण्याआधी पुन्हा वर पाहिलं. पट्टी वाळत आली होती, अक्षरं आता जास्त काळी दिसत होती. दत्तू म्हणाला, “मावशी, पट्टी कापून द्यायची आपल्या हातात न्हाई. रेल्वेचा माल हाय.”

“म्या मागितली का?” त्या म्हणाल्या.

परतीच्या गाडीत त्या पुन्हा खिडकीशी बसल्या. खाडी आली तेव्हा म्हणाल्या, “मालक फलाटावनं धावत यायचं. घामेघूम. म्या म्हनायची, आता बसा, पाय दुकत्याल. म्हनायचं, आगं, हितंच कुटंतरी हाय. ह्याच गाडीला हाय.” थोड्या वेळाने म्हणाल्या, “आमी ज्या डब्यात बसायचो, त्यो आतनं बगितला का न्हाई त्यांनी, काय म्हाईत.”

त्यानंतर

मार्चच्या शेवटच्या दिवशी मी दत्तूला फोन केला. डबा आदल्या दिवशी इंजिन लावून नेला होता. कुठे, ते त्याला माहीत नव्हतं.

मे महिन्यात हौसाक्का गावच्या जत्रेला गेल्या. मुलाला रजा मिळाली नाही, त्यामुळे कल्याणपर्यंत त्यांना सोडायला मी गेले. सामान एक पिशवी आणि घराच्या कुलपाची किल्ली. गाडी लागल्यावर त्यांना खिडकीजवळ बसवून मी खाली उतरले. दाराजवळच्या पाटीवर एस-चार लिहिलेलं होतं. त्यांनी खिडकीतून विचारलं, “भाईर काय लिवलंय, ताई?”

मी डब्याच्या टोकापर्यंत चालत गेले आणि वाचलं. एल, डब्ल्यू, एस, सी, एन. मधला जी नव्हता.